रंगीत खडे : पैलू, पुनर्घडण आणि भट्टी

पेडणे तालुक्याच्या पूर्व बाजूस, महाराष्ट्रातील दोडामार्गच्या सीमेलगत इब्रामपूर हा गाव वसला आहे. गोव्याच्या भूमीत लोह, मँगनीज, बॉक्साइट ही खनिजे सापडतात. माणिक-नीलमांच्या खाणी येथे नाहीत. तथापि रत्ने येथील घरांत मुळीच नाहीत असे म्हणता येणार नाही. लग्नकार्यात मिळालेली अंगठी, आजीच्या कुड्यांतील तांबडे खडे, ज्योतिषाच्या सांगण्यावरून घेतलेला पुष्कराज किंवा नीलम अशा रूपाने एखाद-दुसरा रंगीत खडा पुष्कळ कुटुंबांच्या संग्रही असतो. घरातील सोन्याचे वजन सर्वांना ठाऊक असते. खड्याविषयी मात्र बहुतेकांना फारच थोडी माहिती असते, आणि अडीअडचणीच्या वेळी तो विकण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा प्रसंग आला म्हणजे या अज्ञानाची किंमत मोजावी लागते.

आज बाजारात येणाऱ्या माणिक व नीलम यांपैकी बहुतेक खडे भट्टीत तापविलेले असतात. हा प्रकार सर्वस्वी लबाडीचा आहे असे नाही. तसाच तो सर्वस्वी निरुपद्रवीही नाही. खडा कसा घडविला जातो, पुन्हा घडविताना काय मिळते व काय गमावले जाते, आणि उष्णतेने त्याचा रंग का पालटतो, या तीन गोष्टी नीट समजल्या तर ग्राहक, कारागीर आणि शिक्षक या तिघांनाही त्याचा उपयोग होईल.

प्राचीन परंपरा

रंगीत दगड घडविण्याची विद्या पश्चिम भारतात फार जुनी आहे. गुजरातमधील लोथल या हडप्पाकालीन नगरात मणी बनविण्याचा कारखाना व भट्टी यांचे अवशेष मिळाले आहेत. त्या संस्कृतीत घडविलेले तांबड्या अकीकाचे मणी मेसोपोटेमियातील उर येथील राजघराण्याच्या थडग्यांतही सापडले. महाराष्ट्रात नेवासे, इनामगाव, पैठण, भोकरदन इत्यादी ठिकाणच्या उत्खननांत अकीक व त्या वर्गातील इतर दगडांचे मणी मिळाले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात पैठणहून अकीक वर्गातील दगड गाड्यांतून भडोच बंदरात येत असल्याची नोंद आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांमध्ये अकीक, जांभळा स्फटिक यांसारखी खनिजे तयार होतात. त्यामुळे कच्चा माल या प्रदेशाला निसर्गानेच पुरविला होता.

गोव्याचा या व्यापाराशी असलेला संबंध वेगळ्या प्रकारचा होता. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत गोवा शहर हे रत्नांच्या देवघेवीचे मोठे केंद्र होते. दख्खनचे हिरे, सिंहलद्वीपाचे नीलम व पेगूची माणके येथून युरोपकडे जात. गोव्यात वास्तव्य करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात औषधी वनस्पतींबरोबर रत्नांचीही चर्चा केली आहे. जाँ-बाप्तिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच रत्नव्यापारी १६४१ आणि १६४८ साली गोव्यास येऊन गेला. खाण नसतानाही पारख व व्यापार यांच्या बळावर एखादे स्थान रत्नांसाठी नावारूपास येऊ शकते, हे यावरून दिसते. आज रंगीत खड्यांच्या घडणीत राजस्थानातील जयपूर शहराचे जे स्थान आहे, त्याच्या मुळाशीही स्थानिक खाणींपेक्षा हस्तकौशल्यच अधिक आहे.

खड्याची घडण

खाणीतून निघालेला कच्चा दगड ओबडधोबड व मळकट असतो. कारागीर प्रथम तो पाण्याने ओला करून उजेडात फिरवून पाहतो. भेगा कोठे आहेत, रंग कोठे साचला आहे आणि कोणता भाग टाकाऊ आहे, याचा अंदाज घेतल्यावरच करवतीचे काम सुरू होते. ही करवत म्हणजे कडेला हिऱ्याची पूड बसविलेली पातळ धातूची चकती असते. तिच्यावर सतत पाणी किंवा तेल सोडावे लागते, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने दगड तडकतो.

यानंतर खड्याला स्थूल आकार दिला जातो आणि तो लाखेने काठीच्या टोकाला चिकटवला जातो. अशी काठी हाती धरून किंवा अंश मोजणाऱ्या यंत्रात बसवून खडा फिरत्या चाकतीवर टेकवितात व एकेक पैलू पाडतात. पूर्वी कुरुंदाची पूड व लाख यांची चाकती धनुकलीच्या दोरीने फिरविली जाई. आता विजेवर चालणाऱ्या व हिऱ्याची पूड बसविलेल्या चाकत्या वापरतात. शेवटी अतिशय बारीक पूड वापरून प्रत्येक पैलूला जिल्हई दिली जाते.

कुरुंद आणि माणिक यांची जात एकच आहे, ही गोष्ट पुष्कळांना नवलाची वाटेल. सुऱ्या-कोयत्यांना धार लावण्याच्या दगडात जे कुरुंद असते, तेच खनिज स्वच्छ व पारदर्शक रूपात सापडले म्हणजे रत्न ठरते. ॲल्युमिनियम व प्राणवायू यांच्या या संयुगात क्रोमियमचा अल्प अंश असला की तांबडे माणिक होते. लोह व टिटॅनियम यांचा अल्प अंश असला की निळा नीलम होतो. काठिण्याच्या प्रचलित मापात स्फटिकाचा क्रमांक ७, पुष्कराज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोपॅझचा ८, कुरुंदाचा ९ आणि हिऱ्याचा १० आहे. घरातील धुळीत वाळूचे, म्हणजे स्फटिकाचेच, कण असतात. त्यामुळे ७ पेक्षा मऊ असलेला खडा रोजच्या वापरात केवळ धुळीने घासला जाऊन निस्तेज होतो. मोती, पोवळे व ओपल यांना त्यामुळेच अधिक जपावे लागते.

पैलूंचा कोन आणि प्रकाश

पैलू शोभेसाठी असतात हे खरे. पण ती शोभा कोनावर अवलंबून असते. वरून खड्यात शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आदळतो. तेथील कोन योग्य असेल तर सगळा प्रकाश आत परावर्तित होतो व वर पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे परततो. खडा तेजस्वी दिसतो. कोन उथळ असेल तर प्रकाश तळातून निसटून जातो आणि खड्याच्या मध्यभागी फिकट, पाणचट डाग दिसतो. कारागीर त्याला ‘खिडकी’ म्हणतात. तळ प्रमाणाबाहेर खोल असेल तर खडा मध्यभागी काळवंडलेला दिसतो.

प्रत्येक रत्नासाठी ही मर्यादा वेगळी असते. स्फटिकाचा वक्रीभवनांक सुमारे १·५४ असल्याने त्याचा सीमांत कोन सुमारे ४०½ अंश येतो. कुरुंदाचा वक्रीभवनांक सुमारे १·७७ असल्याने तो कोन सुमारे ३४½ अंश येतो. खालचे मुख्य पैलू यापेक्षा अधिक कलते ठेवावे लागतात. म्हणून नीलमाच्या मापाने स्फटिक घडविला तर त्यात खिडकी पडण्याचा धोका राहतो.

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात विनाखर्च दाखविता येईल. काचेच्या पेल्यात पाणी भरून पेला डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर धरावा आणि बाजूने व खालून पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहावे. विशिष्ट कोनातून तो पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो व पलीकडचे काही दिसत नाही. रत्नाचा पैलू नेमका असाच आरसा असतो. ग्राहकासाठीही एक सोपी कसोटी आहे. पैलूदार पारदर्शक खडा छापील कागदावर तोंड वर करून ठेवावा; मधून अक्षरे स्पष्ट वाचता आली, तर त्यात खिडकी आहे असे समजावे. खडा खरा की खोटा हे या कसोटीने कळत नाही, पण त्याची घडण चांगली की वाईट हे निश्चित कळते.

पुनर्घडण : लाभ आणि हानी

समजा, एखाद्या कुटुंबात आजीच्या काळातील नीलमाची अंगठी आहे. खडा ५ कॅरटचा आहे, त्याची कड एका जागी उडाली आहे, पैलू घासले गेले आहेत आणि मध्यभागी खिडकी दिसते. तो पुन्हा घडवून घ्यावा काय, असा प्रश्न घरात निघतो. या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट वजनाची. एक कॅरट म्हणजे ०·२ ग्रॅम. कोन सुधारून घडविताना या खड्याचे वजन ५ वरून ४ कॅरटवर आले, तर घट २० टक्क्यांची होते. पूर्वी दर कॅरटला १०,००० रुपये धरला, तर खड्याची किंमत ५०,००० रुपये होती. तीच किंमत टिकण्यासाठी नव्या खड्याला कॅरटमागे १२,५०० रुपये मिळाले पाहिजेत. म्हणजे दर २५ टक्क्यांनी वाढला पाहिजे. कारागिराची मजुरी त्यावर वेगळी. तेज वाढल्याने दर तितका वाढेल काय, याचा अंदाज आधीच घ्यावा लागतो. नुसती जिल्हई देऊन ओरखडे काढल्यास घट फार थोडी होते. पुष्कळदा तेवढेच पुरेसे असते.

दुसरी गोष्ट रंगाच्या जागेची. नीलमात रंग सर्वत्र सारखा असतोच असे नाही. जुन्या कारागिरांनी पुष्कळदा निळ्या रंगाचा पट्टा मुद्दाम खड्याच्या तळाशी ठेवून बाकीचा फिकट भाग वर ठेवला. वरून पाहता तळातील रंग परावर्तित होऊन संपूर्ण खडा निळा दिसतो. अशा खड्याचा तळ खरवडला, तर निळा पट्टाच निघून जातो आणि हाती जवळजवळ रंगहीन दगड उरतो. खडा पांढऱ्या वाडग्यातील पाण्यात बुडवून बाजूने पाहिल्यास रंगाची जागा कळते. ही तपासणी न करता चाकती लावणे हा अक्षम्य निष्काळजीपणा होय.

तिसरी गोष्ट आतील भेगांची. पृष्ठभागापासून थोड्या अंतरावर असलेली भेग घडण करताना उघडी पडते व खडा दोन तुकडे होऊन हातात येऊ शकतो. चांगला कारागीर भिंगाखाली पाहून हा धोका आधी सांगतो. काम झाल्यावर सबब सांगत नाही.

यांखेरीज जुन्या दागिन्यांत खड्याची मागची बाजू बंद असून तेथे चकाकीचा किंवा रंगीत वर्ख लावलेला असतो. खडा कोंदणातून काढताच त्याचा गडद रंग नाहीसा झाला, तर कारागिराने खडा बदलला अशी शंका घरच्यांना येते. पुष्कळदा दोष कोणाचाच नसतो. तो रंग वर्खाचा असतो. म्हणून दागिना देण्यापूर्वी खड्याचे छायाचित्र, शक्य तेथे माप व वजन आणि दिसणारे दोष पावतीवर लिहून घेणे दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे. खड्यासोबत प्रयोगशाळेचा दाखला असल्यास, पुनर्घडणीनंतर वजन व माप बदलल्यामुळे तो दाखला लागू राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मातीची भट्टी आणि रत्नाची भट्टी

उष्णतेने दगडाचा रंग पालटतो, ही गोष्ट गोमंतकीय माणसाला अपरिचित नाही. डिचोली कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे. तेथील भट्टीत घातलेली मळकट रंगाची माती भाजून निघाल्यावर तांबडी होते. जांभ्या दगडाच्या मातीतील तांबडा रंग वापरून गोवा व कोकणातील जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रे काढली गेली. या साऱ्या तांबड्या रंगाच्या मुळाशी लोह आहे. पाण्याचा अंश असलेले लोहाचे संयुग पिवळे किंवा तपकिरी असते. सुमारे ३०० अंश सेल्सियस उष्णतेला त्यातील पाणी निघून जाते आणि तांबडे लोहभस्म उरते.

तांबडा अकीक नेमका याच रीतीने तयार होतो. गुजरातमध्ये राजपिपळ्याच्या टेकड्यांतील रतनपूर परिसरात निघणारा अकीक पुष्कळदा पिवळसर किंवा तपकिरी असतो. तो खंभातला नेऊन प्रथम दीर्घकाळ उन्हात वाळवितात. मग मातीच्या मडक्यांत भरून, राख, भुसा किंवा शेण यांच्या आधाराने मंद आचेवर तापवितात. आच एकदम वाढविली तर दगडात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. भट्टी घाईने उघडली तर थंड हवेने तडकतो. म्हणून तापविणे व निवविणे दोन्ही सावकाश चालते आणि हवा तो रंग येईपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा करतात. तापविल्यामुळे रंग तर खुलतोच, पण दगडाचे छिलके काढणेही सोपे होते. लोखंडी अणीवर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने त्यावर हलके आघात करण्याची खंभातची पद्धत अभ्यासकांनी हडप्पाकालीन तंत्राशी ताडून पाहिली आहे.

येथेही शिक्षकांना एक प्रयोग करून दाखविता येईल. पिवळ्या मातीच्या दोन सारख्या गोळ्या सावलीत नीट वाळवाव्यात. एक गोळी तशीच ठेवावी, दुसरी वडिलधाऱ्यांच्या देखरेखीखाली चुलीच्या निखाऱ्यांत भाजावी आणि निवल्यावर दोन्ही शेजारी ठेवाव्यात. अकीकाच्या पोटात काय घडते हे मुलांना वेगळे समजावण्याची गरज उरत नाही.

कुंभाराला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. भट्टीत हवा खेळती ठेवली तर मडके तांबडे होते; तोंड बंद करून धूर कोंडला तर तेच मडके काळे होते. रत्नांच्या भट्टीतही हवेला इतकेच महत्त्व आहे. प्राणवायू भरपूर असताना माणकातील नकोशी निळसर झाक कमी होते. प्राणवायू कमी असताना नीलमाचा निळा रंग गडद होतो. तत्त्व कुंभाराचेच आहे. उष्णता मात्र फार मोठी लागते.

नीलम व माणिक यांचा ताप

माणके तापविण्याची रीत नवी नाही. अकराव्या शतकातील विद्वान अल्-बिरूनी याने आपल्या रत्नविषयक ग्रंथात तिचा उल्लेख केला आहे. श्रीलंकेत कोळशाच्या निखाऱ्यांवर फुंकणीने वारा घालून खडे तापविण्याची परंपरा होती. परंतु १९७० नंतरच्या दशकात या व्यवसायाचे स्वरूप पालटले. श्रीलंकेत ‘गेउडा’ नावाचा दुधी, धुरकट कुरुंद मोठ्या प्रमाणावर मिळे व त्याला फारशी किंमत नसे. थायलंडच्या व्यापाऱ्यांनी तो खरेदी करून १,५०० अंशांहून अधिक उष्णतेच्या भट्ट्यांत तापविला, आणि त्यातून सुंदर निळे नीलम निघू लागले.

यामागील कारण असे. दुधी रंग हा खड्यातील टिटॅनियमच्या संयुगाच्या अतिसूक्ष्म सुयांमुळे आलेला असतो. तीव्र उष्णतेत या सुया विरघळतात. खडा स्वच्छ होतो. मोकळे झालेले टिटॅनियम लोहाच्या सान्निध्यात येते व त्या जोडीमुळे निळा रंग प्रकटतो. म्हणजे रंगाचे घटक निसर्गाने खड्यात ठेवलेलेच होते; भट्टीने त्यांची मांडणी बदलली. असा रंग कायम टिकतो. म्हणूनच केवळ तापविलेला खडा व्यापारात नैसर्गिक रत्न म्हणून मान्य आहे. मात्र न तापविलेल्या तितक्याच सुंदर खड्याची किंमत पुष्कळ अधिक असते. विक्रेत्याने हा फरक सांगणे त्याचे कर्तव्य आहे.

यापुढील प्रकार अधिक गंभीर आहेत. ब्रह्मदेशातील मोंग शू येथील माणके १९९० नंतर बाजारात आली. त्यांच्या मध्यभागी निळसर काळी छटा व अंगभर बारीक भेगा असत. टाकणखारासारख्या द्रव्यांसह तापविल्यावर ती छटा गेली व भेगा भरून आल्या. पण भेगांत काचेसारखा अंश राहिला. २००१ च्या सुमारास बेरिलियम हे मूलद्रव्य बाहेरून खड्यात शिरवून पिवळे व नारिंगी रंग उत्पन्न करण्याची रीत आली. येथे रंगाचा घटक निसर्गाचा राहिला नाही. आणि तो ओळखण्यास साधे भिंग पुरत नाही, प्रगत उपकरणेच लागतात. २००४ च्या सुमारास शिसेयुक्त काच भरलेली माणके बाजारात आली. अतिशय भेगाळलेल्या, जवळजवळ निरुपयोगी दगडांत ही काच भरली की भेगा दिसेनाशा होतात व दगड चांगल्या माणकासारखा चमकतो.

सामान्य ग्राहकाने सर्वांत अधिक सावध राहावे ते या शेवटच्या प्रकाराबाबत. सोनाराने अंगठी दुरुस्त करताना फुंकणीची ज्वाला खड्याला लागली, की आतील काच वितळते. दागिना उजळण्यासाठी तेजाबात बुडविला, तर काच झिजते. घरी लिंबाच्या रसाने साफ केल्यासही तिला अपाय होतो, आणि पूर्वी न दिसलेल्या पांढऱ्या भेगा खडाभर उमटतात. अशा वेळी ग्राहक सोनाराला दोष देतो व सोनार खड्याला. खडा विकतानाच खरी माहिती दिली असती, तर हा तंटा उद्भवला नसता.

इतर रत्नांविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. जांभळा स्फटिक सुमारे ४५० अंशांवर पिवळा होतो व पुष्कळदा ‘सुनेला’ म्हणून विकला जातो. तो पुष्कराज नव्हे. टांझानियात १९६७ साली आढळलेले टांझानाइट हे रत्न बहुधा तपकिरी असते आणि तापविल्यावरच निळे-जांभळे होते. पाचू मात्र तापवीत नाहीत. त्याच्या भेगा तेलाने किंवा राळेसारख्या द्रव्याने झाकतात, आणि उष्णतेने त्याचे नुकसान होते. मोती, पोवळे, पिरोजा व ओपल यांना आच लागता कामा नये. कोंदणाचे काम करताना हे खडे आधी काढून ठेवणे हाच सुरक्षित मार्ग होय.

धूळ : कारागिराचा शत्रू

रत्नांच्या सौंदर्याची चर्चा करताना ते घडविणाऱ्याची आठवण ठेवली पाहिजे. अकीक हा स्फटिकाचाच प्रकार आहे. तो कोरडा घासला की सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते. ही धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन तेथे कायमची राहते, व त्यातून सिलिकोसिस हा रोग जडतो. फुप्फुसांचे कोमल ऊतक कठीण होत जाते, दम लागतो, वजन घटते. हा रोग बरा करणारे औषध नाही. अशा फुप्फुसांत क्षयाचे जंतूही लवकर मूळ धरतात. खंभातच्या अकीक कारागिरांमधील या रोगाचा अभ्यास अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला आहे. तेथे घरोघरी दगड घासण्याचे काम चालत असल्याने, काम न करणारी मुले व स्त्रियाही या धुळीपासून सुटल्या नाहीत. हजारो वर्षांची कीर्ती लाभलेल्या कलेची ही दुसरी बाजू आहे.

ही बाब पेडणे व डिचोली तालुक्यांतील वाचकांनाही परकी नाही. खडी फोडण्याचे यंत्र, दगड कापण्याची करवत, खनिजाची चाळणी या सर्व ठिकाणी धूळ उडते, व त्या दगडात स्फटिक असेल तर धोका तोच असतो. उपाय ठाऊक असलेलेच आहेत. दगड नेहमी ओला करून कापावा किंवा घासावा. धूळ जेथे उत्पन्न होते तेथेच ती शोषून घेणारे यंत्र बसवावे. तोंडाला नुसता रुमाल बांधल्याने सूक्ष्म धूळ अडत नाही; त्यासाठी योग्य प्रतीचा मुखवटा लागतो. धुळीचे काम राहत्या घरात करू नये. दीर्घकाळ खोकला व दम लागत असल्यास रुग्णाने आरोग्य केंद्रात आपला व्यवसाय आवर्जून सांगावा. कारण छातीच्या छायाचित्रातील खुणा केवळ क्षयाच्या समजल्या जाण्याचा संभव असतो. सिलिकोसिस हा कायद्याने मान्य केलेला व्यावसायिक रोग आहे, आणि योग्य निदान झाले तरच नुकसानभरपाईचा मार्ग मोकळा होतो.

ग्राहकांनी काय करावे

दागिन्यावरील हॉलमार्कविषयी एक गैरसमज आढळतो. जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्यात आला. परंतु ही खूण सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देते. दागिन्यात बसविलेल्या खड्याविषयी ती काहीही सांगत नाही. खड्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा स्वतंत्र दाखला लागतो. त्यावर खड्याची जात, वजन, माप आणि त्यावर केलेले संस्कार यांची नोंद पाहावी. ‘तापविल्याच्या खुणा नाहीत’, ‘तापविलेला’ व ‘काच भरलेला’ या तीन शेऱ्यांमधील अंतर किमतीच्या दृष्टीने फार मोठे असते.

वजनाबाबतही दक्षता घ्यावी. जुन्या मापात ८ गुंजांचा एक मासा व १२ माशांचा एक तोळा होई. त्या हिशेबाने एक गुंज सुमारे ०·१२ ग्रॅम, म्हणजे ०·६ कॅरट भरते. ज्योतिषाच्या खड्यांच्या व्यापारात मात्र ‘रत्ती’ या शब्दाने पुष्कळदा ०·९ कॅरटच्या आसपासचे वजन समजले जाते. शब्द एक व वजने दोन असल्याने फसगत होते. यास्तव वजन नेहमी कॅरट किंवा ग्रॅममध्ये मागावे, खडा कोंदणात बसविण्यापूर्वी तोलून घ्यावा आणि पावतीवर खड्याची किंमत सोन्यापासून वेगळी दाखवून घ्यावी. खड्यावर कोणता संस्कार केला आहे हेही पावतीवर लिहून मागावे. तोंडी आश्वासनाला तंट्याच्या वेळी आधार राहत नाही.

फसवणूक झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती व दाखला हाती असेल तर तक्रार सिद्ध करणे सुलभ होते.

इब्रामपूरसारख्या गावातील एखाद्या कुटुंबाने आजीची अंगठी पेटीतून बाहेर काढली, तर घाईने विक्री, घाईने पुनर्घडण किंवा घाईने उजळणी यांपैकी काहीही करू नये. जुना, कदाचित कधीही न तापविलेला खडा त्यात असू शकेल. केवळ वर्खाने खुललेला साधा दगडही असू शकेल. परीक्षण करून घेतल्यावर जे निघेल ते निघेल. पण त्यानंतरचा निर्णय माहितीच्या आधारे होईल. सोन्याचे वजन घरोघरी पाठ असते. त्यासोबत खड्याचे वजन, जात व त्यावरील संस्कार यांचीही नोंद घरातील कागदपत्रांत ठेवली गेली, तर पुढील पिढीला आपला ठेवा काय आहे हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.